डांबरगोळी, धुरी आणि फवारा : वस्त्ररक्षणाच्या द्रव्यांचा इतिहास

प्रास्ताविक

वस्त्राचा इतिहास म्हटला की अभ्यासकांचे लक्ष विणकर, रंगारी आणि व्यापारी यांच्याकडे जाते. पैठणी, कापसाची निर्यात, मुंबईच्या गिरण्या, खादीची चळवळ या विषयांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र मागावरून उतरून घरात आलेले वस्त्र पुढे वीस-तीस वर्षे कसे टिकवले गेले, ते कोणी धुतले, कशात ठेवले, त्याला कसर लागू नये आणि कुबट वास येऊ नये म्हणून त्याच्या घडीत काय घातले, या प्रश्नांकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. याचे एक कारण उघड आहे. हे काम घरातल्या स्त्रियांचे आणि गावातल्या परटाचे होते; दोघांनीही आपल्या कामाची दप्तरे ठेवली नाहीत.

आज बाजारात कपड्यांवर मारण्याचे फवारे मिळतात. कोणी सुरकुत्या घालवण्याचे आश्वासन देतो, कोणी वास, कोणी डाग, कोणी जंतू. त्यांतील बऱ्याच बाटल्यांवर ‘नैसर्गिक’ किंवा ‘रसायनमुक्त’ असा शब्द ठळक छापलेला असतो. पाणी हेही रसायनच असल्याने दुसरा शब्द शास्त्रदृष्ट्या निरर्थक आहे, हे सांगण्यासाठी इतिहासाची गरज नाही. परंतु पहिला शब्द अधिक फसवा आहे आणि त्याची परीक्षा इतिहासातच होऊ शकते. वस्त्ररक्षणासाठी वापरलेल्या काही द्रव्यांचा मागोवा घेऊन त्यांतील कोणती कोणाला आणि कशामुळे बाधली, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

कापडागणिक द्रव्य

कोणते कापड कशाने स्वच्छ करावे याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे जे प्रकरण येते, त्यात रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी ऊष म्हणजे क्षारयुक्त माती, कुतप नावाच्या कांबळ्यांसाठी अरिष्टक म्हणजे रिठा, तलम अंशुपट्टासाठी बेलफळ आणि क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याच्या वस्त्रासाठी पांढरी मोहरी सांगितली आहे. याज्ञवल्क्य स्मृतीतही याच धर्तीचे विधान आढळते. एकाच द्रव्याने सर्व कापडे धुण्याची कल्पना या ग्रंथकारांना मान्य नव्हती, ही गोष्ट लक्षणीय आहे. अर्थात हे विधान जसेच्या तसे व्यवहाराचे वर्णन म्हणून स्वीकारणे धोक्याचे आहे. तीव्र क्षाराने रेशीम आणि लोकर दोन्ही खराब होतात, हे आजचे रसायनशास्त्र सांगते. सौम्य क्षारमाती कदाचित चालतही असेल. पण ग्रंथकार परटाला विचारून लिहीत होते की शुद्धाशुद्धीची एक व्यवस्था कागदावर पूर्ण करीत होते, ही शंका राहतेच.

कौटिलीय अर्थशास्त्राचा सूर याहून वेगळा, सरळ कारभारी आहे. त्याच्या चौथ्या अधिकरणात रजकांविषयी नियम आहेत. त्यांनी लाकडी फळ्यांवर किंवा गुळगुळीत शिळांवर कपडे धुवावेत. अन्यत्र धुतल्यास कापडाच्या नुकसानीची भरपाई आणि वर सहा पण दंड. मुद्गराचे चिन्ह असलेल्या वस्त्राखेरीज दुसरे वस्त्र त्यांनी नेसल्यास तीन पण दंड. गिऱ्हाइकाचे कपडे विकल्यास, भाड्याने दिल्यास वा गहाण टाकल्यास बारा पण. या नियमांत चिंता आहे ती कापडाची आणि कापडाच्या मालकाची. दिवसभर क्षाराच्या पाण्यात हात बुडवणाऱ्या माणसाचे काय होते, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही. तो पुढेही फार काळ झाला नाही.

या जुन्या वाङ्मयात प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचा उतारा आयुर्वेदात सापडतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात नवजात बालकाच्या अंथरूण-पांघरुणाविषयी सूचना आहेत. ती मऊ, हलकी, स्वच्छ आणि सुगंधी असावीत. घामाने, मळाने, जंतूंनी किंवा मलमूत्राने दूषित झालेली टाकून द्यावीत. दुसरी मिळणे शक्य नसेल तर तीच नीट धुऊन, धुरी देऊन, पूर्ण सुकवून मग वापरावीत. धुरीची द्रव्येही दिली आहेत. जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वचा म्हणजे आपले वेखंड, अशी बरीच नावे तेथे येतात; सापाची कातही आहे; आणि हे सारे तुपात मिसळून जाळायचे आहे. बाळंतिणीच्या खोलीत धूप, ओवा आणि वेखंड यांची धुरी देण्याची महाराष्ट्रातील रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा उतारा अपरिचित वाटणार नाही. येथे दोन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते. नवे किंवा दुसरे कापड न मिळणारे घर हे चरकाने गृहीत धरले आहे. दुसरे असे की धुणे, धुरी देणे आणि सुकवणे या क्रिया कापड बाळाच्या अंगावर येण्यापूर्वी पूर्ण व्हायच्या आहेत.

कसर

मराठीत ‘कसर’ हा एकच शब्द अनेक कीटकांना लावला जातो. कपड्यांचे पतंग, गालिच्याचे भुंगेरे, चंदेरी रंगाची झुरणी अशी ही मंडळी वेगवेगळ्या कुळांतील आहेत आणि त्यांचे खाणेही वेगळे आहे. पतंगाच्या व भुंगेऱ्याच्या अळ्या लोकर, केस, पिसे आणि रेशीम, म्हणजे प्राणिज धागा खातात. झुरणीला पिष्ट आवडते. म्हणून खळ दिलेले सुती कापड आणि पुस्तकांची बांधणी तिच्या तडाख्यात सापडते. स्वच्छ, खळ नसलेल्या सुती कापडाला यांपैकी कोणाचाच फारसा उपद्रव नसतो.

हा तपशील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबाचे बहुतेक कपडे सुती होते. लोकर म्हणजे घोंगडी. तिला चिंचोक्याची खळ दिलेली असल्याने कसरीला दुहेरी मेजवानी होती खरी, पण घोंगडी पेटीत पडून राहत नसे. ती रोज अंगावर, खांद्यावर किंवा उन्हात असे. कसर अंधारात आणि निवांतपणात वाढते. पडून राहणारी वस्त्रे होती ती सधन घरातली : शालू, पैठणी, पीतांबर, शालजोडी, सोवळ्याचा मुकटा. त्यांच्यासाठी मलमलीच्या जुन्या फडक्याचे वेष्टन, घडी बदलून ठेवणे, पावसाळा संपल्यावर ऊन दाखवणे, आणि घडीत कडुनिंबाची वाळलेली पाने, वेखंडाचे तुकडे, वाळा किंवा केवड्याचे पान अशी व्यवस्था होती. यांतील काही द्रव्ये कीटकांना हटवत आणि काही केवळ वास देत. या दोन्हींत फरक करण्याची गरज कोणाला भासली नसावी, कारण खरे काम ऊन, झटकणे आणि घडी बदलणे यांनीच होत होते. अंडी आणि अळ्या ऊन व हालचाल सहन करू शकत नाहीत.

या घरगुती द्रव्यांचा गौरव करताना हात थोडा आखडता घेणे इष्ट. वेखंडात बीटा-ॲसारोन नावाचे द्रव्य असते. भारतीय वेखंडात त्याचे प्रमाण विशेष जास्त आढळते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगजनक दिसून आल्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून अन्नपदार्थांत वेखंड घालण्यास बंदी आहे. कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. बंद खोलीतील धूर, मग तो गुग्गुळाचा का असेना, बाळाच्या फुप्फुसांना हितकारक नाही. साडीच्या घडीतला वेखंडाचा तुकडा आणि पोटात गेलेले वेखंड यांत अर्थातच महदंतर आहे. पण ते अंतर मात्रेचे आणि मार्गाचे आहे. द्रव्य वनस्पतीतून आले म्हणून पडलेले नाही.

डांबरगोळी

इंग्रजीत या गोळीचे नाव कशाला मारते त्यावरून पडले. मराठीत ती कशापासून होते त्यावरून. ‘डांबरगोळी’ या शब्दातच तिचा जन्म नोंदलेला आहे. दगडी कोळसा बंदिस्त भट्टीत तापवून दिव्यासाठी वायू काढण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात सुरू झाला आणि मागे काळे, चिकट, दुर्गंधी डांबर उरू लागले. या डांबरातून १८२० च्या सुमारास पांढरा स्फटिकमय पदार्थ वेगळा करण्यात आला. जॉन किड यांनी १८२१ मध्ये त्याचे वर्णन करून त्याला नॅप्थालीन हे नाव दिले. मायकेल फॅरडे यांनी १८२६ मध्ये त्याचे घटक निश्चित केले. १८५६ मध्ये विल्यम पर्किन याने डांबरातील द्रव्यांपासून जांभळा रंग तयार केला आणि ज्याला कोणी विचारत नव्हते त्या डांबराला सोन्याचा भाव आला. पुढे याच नॅप्थालीनपासून आरंभ करून जर्मन कारखान्याने कृत्रिम नीळ बनवली आणि १८९७ मध्ये ती बाजारात आणली. बिहारमधील निळीच्या शेतीवर त्याचा झालेला परिणाम सुपरिचित आहे. एका अर्थी आपली नीळ आणि आपली डांबरगोळी सख्ख्या बहिणी ठरतात. एकीने शेतकऱ्याचे पीक मोडले, दुसरी निमूटपणे ट्रंकेत शिरली.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६० च्या दशकात कोळशाच्या वायूचे दिवे लागले. त्यानंतरच्या काळात लोकरी कोट, शाली आणि लोखंडी ट्रंक यांचा मध्यमवर्गीय घरांत प्रवेश झाला. गोदरेज कंपनीने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवण्यास सुरुवात केली. या कपाटाचा विचार डांबरगोळीच्या संदर्भात सहसा होत नाही. फडताळ, उतरंड, गाठोडे, वेताचा पेटारा यांतून हवा खेळत असे. पोलादी कपाट घट्ट बंद होते. नॅप्थालीन वितळल्याशिवाय हवेत उडून जाते आणि बंद जागेत त्याची वाफ साठली तरच कसर मरते. म्हणजे गोळीचा गुण आणि तिचा दोष एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत. कपाट जितके बंद, तितकी गोळी परिणामकारक. आणि तितकीच तिची वाफ कापडात अधिक मुरते. शिवाय गोळी टाकणाऱ्यांनी सुती आणि लोकरी असा भेद ठेवला नाही. जेथे कसर लागण्याचा संभवच नव्हता, त्या सुती कपड्यांतही ती सवयीने पडू लागली.

या सवयीची सर्वांत मोठी किंमत तान्ह्या मुलांनी मोजली. नॅप्थालीन शरीरात गेल्यावर त्याचे जे रूपांतर होते, त्यामुळे तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. अमेरिकेत १९४९ मध्ये नॅप्थालीनमुळे झालेल्या रक्तक्षयाच्या रुग्णांचा वैद्यकीय अहवाल प्रसिद्ध झाला. १९५१ मध्ये तेथेच एका अर्भकाची नोंद आली : त्याचे लंगोट डांबरगोळ्यांसह साठवलेले होते, आणि अंगाला लावलेल्या तेलात नॅप्थालीन विरघळून ते त्वचेतून अधिक शोषले गेले असावे, असा तर्क करण्यात आला. १९५६ मध्ये जी-६-पी-डी या विकराच्या उणिवेचा शोध लागला. हा विकर रक्तपेशींना अशा आघातापासून वाचवतो. तो जन्मतः कमी असलेल्या व्यक्तीत एरवी काहीच लक्षण दिसत नाही. पुढे १९६३ मध्ये ग्रीसमधील २१ नवजात अर्भकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी गोळी गिळली नव्हती. गोळ्यांच्या सहवासात ठेवलेल्या कपड्यांचा आणि पांघरुणांचा वास, एवढाच त्यांचा संबंध. त्यांना तीव्र कावीळ झाली, काहींच्या मेंदूला इजा पोहोचली, काही दगावली. यांतील बऱ्याच मुलांत त्या विकराची उणीव होती. पण सर्वांत नव्हती, हे विसरता कामा नये.

महाराष्ट्रासाठी ही बाब दूरदेशीची नाही. मुंबईतील पाहण्यांतून १९६० च्या दशकाच्या आरंभीच या उणिवेचे अस्तित्व दिसून आले होते. पारशी समाजात तिचे प्रमाण ठळक आहे आणि मलेरियाच्या प्रदेशात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या अनेक आदिवासी समाजांतही ती आढळते. आता आपल्याकडील रीत पाहावी. तान्ह्या बाळाला नवे कापड टोचते म्हणून जुने, धुऊन मऊ झालेले कापड वापरायचे. आजीच्या लुगड्याची दुपटी, थोरल्या भावंडाची झबली आणि टोपरी, जुन्या पातळांची गोधडी. ही वस्त्रे पहिल्या बाळंतपणानंतर ट्रंकेत जातात आणि दुसऱ्या बाळंतपणाला बाहेर निघतात. मधली वर्षे त्यांच्यासोबत डांबरगोळी असते. बाळाला तेलाने माखून न्हाऊ घालायचे आणि त्याच दुपट्यात घट्ट गुंडाळायचे. यातील प्रत्येक कृती मायेची आहे आणि बहुतेक हितकारकही आहे; पण मधल्या त्या पांढऱ्या गोळीमुळे साऱ्यांची मिळून एक घातक साखळी तयार होते. चरकाने सांगितलेला धुणे-सुकवणे हा क्रम या साखळीत निसटला. कपडे स्वच्छ धुऊनच ठेवले होते, मग पुन्हा कशाला धुवायचे, हा त्यामागचा विचार चुकीचा असला तरी समजण्याजोगा आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये नॅप्थालीनचा समावेश संभाव्य कर्करोगजनक द्रव्यांत केला. युरोपीय संघाने २००८ मध्ये कसरनाशक म्हणून त्याची विक्री थांबवली. भारतात ती किराणा दुकानात सुटी मिळते. बऱ्याचदा तशाच दिसणाऱ्या गोळ्या पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असतात आणि पुडीवर नाव नसते. ओळखायचे झाल्यास कापराची वडी साध्या पाण्यावर तरंगते, बाकी दोन्ही बुडतात. मिठाच्या दाट, संपृक्त पाण्यात नॅप्थालीन वर येते आणि दुसरी तळाशीच राहते. विषबाधेच्या प्रसंगी डॉक्टरांना हा भेद उपयोगी पडतो, कारण तिन्हींचे परिणाम वेगळे आहेत.

बिब्बा आणि परटाची बदनामी

नैसर्गिक द्रव्याविषयीच्या आपल्या भाबडेपणावर बिब्ब्याइतका चांगला उतारा नाही. परीट कपड्यांवर गिऱ्हाइकाची खूण करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरीत. तो कापडावर काळा पडतो आणि कितीही धुतला, भट्टीत घातला तरी जात नाही. कोणत्याही कारखान्याला हेवा वाटावा अशी ही पक्की शाई पूर्णपणे वनस्पतिजन्य आहे. ‘बिब्बा उतणे’ हा अनुभव मराठी माणसाला ठाऊकच आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, जेथे कपड्यावर धोब्याची खूण येई नेमक्या त्या ठिकाणी, पुरळ आणि फोड येऊ लागले. १९४३ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात या विकाराचे वर्णन ‘धोबी-खुणेचा त्वचादाह’ अशा अर्थाच्या नावाने आले. कारण मोठे मनोरंजक होते. बिब्बा आणि अमेरिकेतील विषारी आयव्ही ही वेल एकाच, म्हणजे आंब्या-काजूच्या कुळातील. मायदेशी त्या वेलीचा त्रास झालेल्या सैनिकाच्या त्वचेने बिब्ब्याला ताबडतोब ओळखले.

तथापि या प्रकरणाआधीपासून इंग्रज अमदानीत ‘धोबी इच’ हा शब्द रूढ होता. जांघेतील नायट्याला हे नाव देऊन त्याचा दोष धोब्याने धुतलेल्या कपड्यांवर टाकण्यात आला. उष्ण, दमट हवेत जाड, घट्ट कपडे वापरल्याने वाढणाऱ्या बुरशीचा हा रोग. पण नाव पडले ते कपडे स्वच्छ करणाऱ्याचे. संत गाडगेबाबांसारखा स्वच्छतेचा प्रचारक ज्या समाजाने दिला, त्या समाजाच्या व्यवसायाचे नाव एका अस्वच्छतेच्या रोगाला चिकटावे, हा इतिहासातील कटू विनोद म्हटला पाहिजे. परटाच्या हातांना कॉस्टिक सोडा आणि ब्लीचिंग पावडर यांनी काय केले, याला मात्र कोणी नाव दिले नाही.

हीच कथा पुढे ‘पेट्रोल वॉश’च्या दुकानांत वेगळ्या रूपाने चालू राहिली. पाण्याऐवजी द्रावकाने कपडे धुण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये सुरू झाली. आरंभीची द्रावके ज्वालाग्राही होती. म्हणून न पेटणारे कार्बन टेट्राक्लोराइड आले. ते यकृताला घातक ठरले, म्हणून १९३० च्या दशकापासून परक्लोरोएथिलीन आले. आगीचा धोका टाळताना श्वासाचा धोका पत्करला गेला. परक्लोरोएथिलीनची नोंद १९९५ मध्ये मानवात बहुधा कर्करोगजनक अशी झाली, आणि ड्रायक्लीनिंगमधील त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा नियम अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. कार्बन टेट्राक्लोराइड भारतातील वस्त्रोद्योगात, विशेषतः साड्यांवरचे तेलाचे डाग काढण्यासाठी, दीर्घकाळ वापरात होते. २०१० च्या आरंभापासून त्याचा असा वापर बंद झाला, पण तो ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या माँट्रियल कराराच्या बंधनामुळे. डाग काढणाऱ्या कामगाराच्या यकृतासाठी जे झाले नाही, ते आकाशासाठी झाले.

फवारा

आजचा फवारा हा या परंपरेचा नवा वारस आहे, आणि त्यात एक मूलभूत बदल आहे. रिठा पाण्यात असे, वेखंड घडीत असे, गोळी कपाटात असे. फवाऱ्यातील द्रव्य सूक्ष्म थेंबांच्या रूपाने थेट हवेत येते आणि कापडाइतकेच ते मारणाऱ्याच्या श्वासातही जाते.

पहिल्या पिढीतील फवाऱ्यांचे काम डाग आणि पाणी दूर ठेवणे हे होते. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीत पॅट्सी शर्मन आणि सॅम्युएल स्मिथ हे संशोधक १९५० च्या दशकाच्या आरंभी काम करीत असता एका फ्लुओरिनयुक्त द्रव्याचे थेंब कॅनव्हासच्या बुटावर सांडले. तो भाग मळेनासा झाला. यातून ‘स्कॉचगार्ड’ हे उत्पादन १९५६ पासून बाजारात आले. ज्या रासायनिक बंधामुळे हे द्रव्य कापडावर टिकत होते, त्याच बंधामुळे ते निसर्गातही टिकत होते. ते मानवी रक्तात सर्वत्र आढळू लागल्यावर कंपनीने मे २००० मध्ये त्याचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. पीएफओएस या नावाने ओळखले जाणारे ते द्रव्य २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आले; भारत २००६ पासून या कराराचा सदस्य आहे. या वर्गातील दुसरे द्रव्य पीएफओए २०१९ मध्ये यादीत समाविष्ट झाले आणि २०२३ च्या अखेरीस कर्करोग संस्थेने त्याला निश्चित कर्करोगजनकांच्या गटात ठेवले. ‘डाग चिकटत नाही’ हा शब्दप्रयोग बाटलीवर दिसला की तो कोणत्या द्रव्यामुळे चिकटत नाही, हा प्रश्न विचारण्याचे कारण या सत्तर वर्षांत आहे.

दुसरी पिढी वास घालवणाऱ्या फवाऱ्यांची. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ‘फेब्रीझ’ १९९८ मध्ये अमेरिकेत सर्वत्र उपलब्ध झाले. त्यातील मुख्य द्रव्य सायक्लोडेक्स्ट्रिन हे पिष्टापासून बनते. त्याचा शोध १८९१ मधला. त्याचा रेणू पोकळ कड्यासारखा असतो आणि वासाचे रेणू त्यात अडकतात. कपड्याला खळ देणाऱ्या समाजाला पिष्टाचे हे नवे रूप परके वाटू नये. हे द्रव्य स्वतः बरेच निरुपद्रवी मानले जाते. प्रश्न त्याच्या सोबत्यांचा आहे : सुगंध, परिरक्षक, आणि जंतुनाशकाचा दावा असल्यास चतुर्थक अमोनियम क्षार, ज्यांचा दम्याशी असलेला संबंध सफाई कामगारांच्या अभ्यासांतून पुढे आला आहे.

सुगंधाच्या बाबतीत ‘नैसर्गिक’ हा शब्द पुन्हा दगा देतो. लव्हेंडरच्या तेलातील लिनालूल आणि संत्र्याच्या सालीतील लिमोनीन ही द्रव्ये हवेतील प्राणवायूशी संयोग पावून त्वचेला ॲलर्जी आणणारी संयुगे बनवतात. लिमोनीनची ओझोनशी क्रिया झाल्यास फॉर्माल्डिहाइडही तयार होते. युरोपीय संघाच्या २००४ च्या अपमार्जकविषयक नियमाने ॲलर्जीकारक ठरलेली २६ सुगंधी द्रव्ये विशिष्ट प्रमाणापेक्षा जास्त असल्यास वेष्टनावर नावानिशी छापणे सक्तीचे केले. त्यांत लिनालूल आणि लिमोनीन दोन्ही आहेत. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये सफाईच्या उत्पादनांतील घटक जाहीर करण्याचा कायदा केला. आपल्या बाजारातील बाटलीवर बहुधा ‘सुगंध’ एवढाच शब्द असतो. दवणा आणि मरवा यांत भेद करणाऱ्या भाषेत हा एकच शब्द पुरेसा समजला जावा, याचे नवल वाटते.

फवाऱ्याच्या रूपातच जो धोका आहे, त्याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात चामड्याच्या वस्तूंवर मारायच्या एका फवाऱ्यामुळे अनेकांना खोकला, धाप आणि ताप यांचा अकस्मात त्रास झाला. दुसरे उदाहरण कपड्यांचे नाही, पण अधिक भयंकर आहे. दक्षिण कोरियात घरातील हवा दमट ठेवणाऱ्या यंत्राच्या पाण्यात जंतुनाशक घालण्याची पद्धत १९९४ पासून होती. २०११ मध्ये गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांत फुप्फुसाचा असाध्य विकार दिसू लागला, तेव्हा चौकशीत हे जंतुनाशक दोषी ठरले. अनेक स्त्रिया आणि मुले मृत्युमुखी पडली. त्यातील द्रव्य पृष्ठभाग पुसण्यासाठी फारसे घातक मानले जात नव्हते. श्वासातून गेल्यास काय होईल, याची चाचणी विक्रीपूर्वी झालीच नव्हती.

या इतिहासाच्या प्रकाशात फवारा निवडायचा झाल्यास बाटलीवरील हिरव्या पानाचे चित्र हा निकष उपयोगाचा नाही. पाण्यावर आधारलेला, बिनवासाचा, घटकांची पूर्ण यादी छापलेला, आणि दाबाच्या डब्याऐवजी हाताने दाबायच्या पंपातून जाडसर थेंब सोडणारा फवारा त्यातल्या त्यात बरा. तो कापड अंगावर नसताना, उघड्या खिडकीपाशी मारावा आणि कापड पूर्ण सुकू द्यावे. तान्ह्या मुलाच्या, दमेकऱ्याच्या कपड्यांवर तो मुळीच मारू नये. ‘डाग-प्रतिबंधक’ आणि ‘जंतुनाशक’ हे दावे करणारे फवारे रोजच्या कपड्यांसाठी घेण्याचे सबळ कारण प्रस्तुत लेखकाला दिसत नाही. सुती कपड्याला वास येत असेल तर तो बहुधा ओलसरपणाचा असतो, आणि त्यावर ऊन-वारा फवाऱ्याहून स्वस्त आहे. चाळीतल्या खोलीत किंवा बंदिस्त सदनिकेत ऊनच येत नसेल तर प्रश्न अवघड होतो, हेही मान्य केले पाहिजे. शहरातील फवाऱ्यांच्या खपाचे एक कारण घरांच्या रचनेतही शोधावे लागेल.

लोकरी आणि रेशमी वस्त्रांसाठी वस्तुसंग्रहालयांनी गेल्या काही दशकांत विषारी द्रव्ये बाजूला सारून थंडीचा मार्ग स्वीकारला आहे. घरातही तो शक्य आहे. शाल स्वच्छ व कोरडी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ दिली, तर कसरीची अंडी आणि अळ्या मरतात. जरीच्या, रंगकाम केलेल्या किंवा फार जीर्ण वस्त्रांवर हा प्रयोग जाणकाराला विचारल्याशिवाय करू नये. आणि ट्रंकेतून निघालेली जुनी दुपटी, मग त्यांना वास येवो वा न येवो, साबणाने धुऊन काही दिवस वाऱ्यावर टाकल्याखेरीज बाळाच्या अंगाखाली घालू नयेत.